चमकणारा उंदीर म्हणजे कॅन्सरवरचं औषध नव्हे!

मंडळी, "कॅन्सरवर रामबाण सापडला" असा फॉरवर्ड अधूनमधून येतोच. सोबत फोटो: उंदराच्या अंगात चमकणारी गाठ. अहो, तो रंग आहे, औषध नाही! गाठ दाखवणं वेगळं, बरी करणं वेगळं.

हा रंग घडवणं सोपं नाही, हे मान्य. साधा प्रकाश रक्तामांसातच अडकतो. म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशात चमकणारा रेणू लागतो. तो गाठीला चिकटायला हवा आणि बाकी शरीरातून निघूनही जायला हवा.

पण उंदीर २०-२५ ग्रॅमचा, त्याची गाठ बहुतेकदा कातडीखालीच. माणसाच्या पोटात खोल असलेली गाठ अशी बाहेरून चमकताना दिसत नाही.

इंडोसायनिन ग्रीन या रंगाला अमेरिकेत १९५९ साली मान्यता मिळाली. तो कॅन्सरची पेशी ओळखत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींवर फोलेट पकडणारी प्रथिनं भरपूर असतात. त्यांना चिकटणारा पॅफोलासियानिन तिथे मान्य झाला २०२१ मध्ये. मधे ६२ वर्षं! आणि तोही ऑपरेशन चालू असताना नजरेतून सुटलेली गाठ सर्जनला दिसावी म्हणून. काढायची ती सर्जननेच.

हेडलाइनवाल्यांनो, तुमचा 'रामबाण' वाचून एखाद्याने केमो पुढे ढकलली, तर जबाबदार कोण?

आणि आपण सगळे, फॉरवर्ड करण्याआधी दोनच प्रश्न विचारू या: उंदरावर की माणसावर? दाखवतं की बरं करतं?