वॅट विचारता, मग फ्यूज का नाही?

गाडीत जादा ॲम्प्लिफायर बसवायला दुकानात गेलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वॅटचा? दुसरा प्रश्न किमतीचा. बॅटरीपासून डिकीपर्यंत येणारी वायर किती जाड आहे आणि तिचा फ्यूज कुठे आहे, हे क्वचितच कोणी विचारते. नगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, चित्र फारसे वेगळे नाही. खरे तर गाडी सुरक्षित राहणार की नाही, हे याच दोन गोष्टींवर ठरते.

हिशेब काय सांगतो?

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बहुधा क्षणिक कमाल ताकदीचे असतात. पाहायचा आकडा ‘आरएमएस’चा. समजा, तो ५०० वॅट आहे. चांगला ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायरही थोडी वीज उष्णतेत घालवतो. कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण आवाजाला सुमारे ६२५ वॅट लागतात. इंजिन सुरू असताना १४ व्होल्टला हा प्रवाह सुमारे ४५ अँपिअर होतो.

तेवढ्याच ताकदीचा दुसरा ॲम्प्लिफायर जोडला, की हा आकडा ९० वर जातो. संगीताला इतकी वीज सतत लागत नाही, पण मोठ्या ठेक्याला लागते. लहान गाड्यांच्या अल्टरनेटरची पूर्ण क्षमताच अनेकदा याच्या आसपास असते. त्यातूनच एसी आणि हेडलाइटही चालवायचे असतात. ठेक्याबरोबर दिवे मिणमिणू लागले, तर ती शोभा नव्हे, इशारा आहे.

वायर कशी असावी?

४५ अँपिअरसाठी, बॅटरीपासून डिकीपर्यंत, १६ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर योग्य. दोन ॲम्प्लिफायरना २५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड लागते. बाजारात स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मिळते. ती वरून तांब्यासारखीच दिसते, पण त्याच जाडीत वीज बरीच कमी वाहून नेते आणि लवकर तापते. थोडे सोलून टोक खरवडले, की आतला पांढरा धातू दिसतो.

फ्यूज कुठे हवा?

मुख्य फ्यूज बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत हवा. ॲम्प्लिफायरवर फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, असे सांगितले जाते. तो युक्तिवाद फसवा आहे. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवतो; मधली चार-पाच मीटर वायर त्याच्या अलीकडे, उघडी राहते. ही वायर इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून जाते. रबरी बुश नसेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर पत्र्याची धार तिचे आवरण कापते. वायर बॉडीला टेकली, की बॅटरी शेकडो अँपिअर एकदम सोडते. तिथे फ्यूज नसेल, तर वायरच पेटते.

दुसरा ॲम्प्लिफायर पहिल्याच्या टर्मिनलवरून ओढू नये. वाटप ब्लॉक बसवावा आणि प्रत्येक फाट्याला त्याच्या वायरीच्या क्षमतेचा वेगळा फ्यूज द्यावा. दोघांची अर्थिंग एकाच जागी, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर, आखूड वायरीने घट्ट बसवावी. सिग्नलची केबल पॉवरच्या वायरीपासून दूर न्यावी. नाही तर स्पीकरमधून इंजिनाची शिट्टी ऐकू येते.

सीएनजी गाड्यांत जादा काळजी हवी. सिलिंडर डिकीत असतो, म्हणून ॲम्प्लिफायर आणि जोडण्या त्याच्यापासून दूर ठेवाव्यात. खाली पेट्रोलची टाकी किंवा नळी आहे का, हे पाहिल्याशिवाय पत्र्याला ड्रिल लावू नये.

आवाज वाढवावा तरी किती?

जिल्ह्यात ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरवर मोठ्याने वाजणारे टेप सर्वांच्या परिचयाचे आहेत. मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही, हा त्यातला खरा धोका. बंद काचांच्या कारमध्येही तेच घडते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाजाचे निकष मोडणाऱ्या वाहनावर कारवाई होऊ शकते.

बिलावर लिहून घ्या

हौसेला मोल नसते, हे खरे. पण तिच्यासाठी गाडी आणि जीव पणाला लावण्याचे कारण नाही. दुकानदाराने बिलावर वायरीचा धातू, जाडी आणि फ्यूजचे अँपिअर लिहून द्यावेत, ग्राहकाने ते मागावेत आणि विमा कंपनीलाही या बदलाची माहिती द्यावी. पैसे कमी पडत असतील, तर वॅट कमी करावेत, वायर नव्हे.