माइनक्राफ्ट, भाष्य आणि पहिली रात्र

संगणकावरील खेळांविषयी साहित्याच्या अभ्यासकांपुढे काही मांडायचे म्हटले की आधी थोडी क्षमायाचना करण्याचा प्रघात आहे. तो इथे पाळलेला नाही. योहान हुइझिंगाने ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) खेळाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसवले, रोझे कायवाने १९५८ मध्ये खेळांची वर्गवारी केली आणि एस्पेन आर्सेथच्या ‘सायबरटेक्स्ट’ला (१९९७) आता पाव शतक उलटून गेले. तेव्हा खेळ ही वाचण्याजोगी गोष्ट आहे की नाही, हा वाद आपल्याकडे नव्याने उकरण्यात हशील नाही. मला बोलायचे आहे ते एका विशिष्ट खेळाविषयी, आणि त्याहून विशिष्ट अशा एका प्रश्नाविषयी: ज्या संहितेच्या दाराशी कोणतीही प्रस्तावना नाही, टीप नाही, ‘असे वाचा’ असे सांगणारा कोणी नाही, तिच्यात शिरणारा माणूस नेमके काय शिकतो?

हा खेळ म्हणजे माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सोन या स्वीडिश प्रोग्रॅमरने त्याचे पहिले रूप १७ मे २००९ रोजी लोकांसमोर ठेवले. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तीस कोटी प्रतींचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले. आकडे एवढे पुरेत.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत हा खेळ उघडला की खेळाडू एका ओसाड माळावर उभा असे. घनाकृती माती, घनाकृती झाडे, एखादी मेंढी. ना उद्दिष्ट, ना गुण, ना पाटी. माउसची कळ दाबून धरली की हात हलतो आणि समोर झाड असेल तर थोड्या वेळाने त्याचा एक ओंडका हाती येतो. ओंडक्याच्या चार फळ्या होतात. दोन फळ्या एकावर एक ठेवल्या की काठ्या, चार फळ्या चौकोनात मांडल्या की कारागिराचे मेज. या मेजावर तीन गुणिले तीन असे नऊ घरांचे जाळे असते आणि खेळाचे सारे व्याकरण त्या नऊ घरांत आहे.

इथे जरा थांबायला हवे, कारण शिकण्याची खरी गंमत या जाळ्यात आहे. टिकाव कसा बनतो? वरच्या ओळीत तीन फळ्या, त्यांच्या खाली मधल्या घरांत दोन काठ्या. म्हणजे जाळ्यात टिकावाचे चित्रच काढायचे. मशालीसाठी खाली काठी आणि वर कोळसा. भट्टीसाठी आठ दगड कडेने आणि मधले घर रिकामे: ते भट्टीचे तोंड. होडीच्या पाच फळ्या होडीच्याच आकारात बसतात. धनुष्याला तीन काठ्यांची कमान आणि तीन दोऱ्यांची प्रत्यंचा. वस्तूचे नाव लिहायचे नाही, तिचा आकार मांडायचा. पर्सच्या परिभाषेत ही प्रतिमाचिन्हांची भाषा आहे. आपण चित्रलिपी म्हणू. एकदा हे तत्त्व उमगले की खेळाडू पाठ करणे सोडतो आणि अंदाज बांधू लागतो. कुऱ्हाड कशी असेल, तलवार कशी असेल, शिडी कशी असेल, हे तो स्वतःच मांडून पाहतो आणि बऱ्याचदा ते जमते. हे तत्त्व मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. दोन-तीन उदाहरणांवरून त्याने ते स्वतः काढलेले असते. पाणिनी वाचण्याआधी मूल जसे भाषा बोलते, तसेच हे.

नकारही हा खेळ बोलून दाखवत नाही. नुसत्या हाताने दगड फोडला तर तो बऱ्याच वेळाने फुटतो आणि हाती काहीच येत नाही. लाकडी टिकावाने तोच दगड मिळतो. पण लोखंडाला दगडी टिकाव लागतो आणि हिऱ्याला लोखंडी. चुकीच्या हत्याराला शिक्षा नाही, फक्त रिकामी ओंजळ. त्यातच एक पूर्ण दिवस-रात्र वीस मिनिटांत उलटते. सूर्य कलला की अंधारात प्रेते चालू लागतात, क्रीपर नावाचा हिरवा प्राणी निःशब्द मागून येतो आणि फुत्कार ऐकू येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. सकाळी उन्हात ती प्रेते जळतात. ‘रात्रीपूर्वी आडोसा शोधा’ हे वाक्य कुठेही लिहिलेले नाही. ते रात्रच सांगते.

या साऱ्यावरून ‘शिकवणीविना शिकणे’ याचे एक रम्य मिथक तयार झाले आणि शिक्षणविषयक लिखाणात ते आजही अधूनमधून भेटते. मूल आपले आपण शिकते, त्याला मोकळे सोडा, वगैरे. हे मिथक मला मान्य नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये या खेळात ‘नेदर’ नावाचे पाताळ आले. तिथे जायचे तर ऑब्सिडियन या काळ्या दगडाची चार रुंद, पाच उंच चौकट उभारायची (कोपरे वगळले तर दहा दगड पुरतात) आणि ती चकमकीने पेटवायची. ऑब्सिडियन तेव्हा फक्त हिऱ्याच्या टिकावाने निघत असे. आता, कितीही प्रतिभावान वाचक असो, हे कोणत्या अंदाजाने कळावे? ते बाहेरून कळत होते. खेळाचा विकी २००९ मध्येच सुरू झाला होता. पहिली रात्र कशी काढावी हे दाखवणाऱ्या चित्रफिती २०१० मध्ये यूट्यूबवर होत्या. २०१३ मध्ये छापील मार्गदर्शिकाही निघाल्या. म्हणजे शिकवणी होतीच. ती खेळाच्या बाहेर, खेळणाऱ्यांच्या आपापसांतल्या बोलण्यात होती. आणि अशा बोलण्यात ज्याला प्रवेश नाही, ज्याच्या घरी महाजालाची जोडणी नाही, ज्याला सांगणारा थोरला भाऊ नाही, त्याच्यासाठी ते मौन निव्वळ बंद दार होते.

साहित्याच्या वर्गात हे विसरून चालत नाही. ‘कलाकृती स्वतः बोलते, मध्ये शिक्षकाने लुडबुडू नये’ ही भूमिका ऐकायला उमदी आहे. पण ज्या मुलाच्या घरात पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त पुस्तक नाही, त्याच्याशी ती कलाकृती बोलेलच असे नाही. शिवाय, ज्या भाषेच्या आद्य वैभवांपैकी एक ग्रंथ, म्हणजे १२९० ची ज्ञानेश्वरी, हाच मुळात एक टीकाग्रंथ आहे, त्या भाषेच्या शिक्षकाने भाष्याचा तिटकारा करावा हे शोभत नाही. मूळ ग्रंथ आणि त्यावर बोलणारा समुदाय ही आपली जुनी व्यवस्था आहे. विकी हे तिचेच एक अर्वाचीन भावंड.

प्रश्न भाष्य असावे की नसावे हा नाहीच. ते कधी यावे आणि कोणत्या रूपात यावे, हा आहे.

जून २०१७ मधल्या १.१२ या आवृत्तीत माइनक्राफ्टने कृतींची एक वही खेळातच आणली. चालावे कसे, पाहावे कसे याच्या प्राथमिक सूचनाही तेव्हाच आल्या. (एक्सबॉक्स ३६० साठी २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत तर शिकवणीचे स्वतंत्र जगच होते.) वहीतल्या चित्रावर टिचकी मारली की जिन्नस आपोआप योग्य घरांत जाऊन बसतात. सोय मोठी आहे, आणि ज्यांना हाताची वा स्मरणाची अडचण आहे त्यांच्यासाठी ती आवश्यकही आहे. तरीही तिने काहीतरी हिरावले, असे माझे मत आहे. आक्षेप माहिती दिली यावर नाही. माहिती विकीवरही होती. पण विकीवर वाचले तरी मांडणी आपल्या हाताने करावी लागे, टिकावाचे चित्र दर वेळी काढावे लागे आणि दहाव्या टिकावापर्यंत चित्रलिपीचे तत्त्व बोटांत उतरलेले असे. वहीने उत्तर दिले आणि आकार काढण्याचे काम काढून घेतले. बाजारातले अपेक्षित प्रश्नसंच नेमके हेच करतात. मर्ढेकरांची कविता समोर येण्याआधीच ‘दुर्बोधतेची कारणे’ पाच मुद्द्यांत हाती पडतात. मग कविता वाचून दुर्बोध वाटण्याचीही सवड उरत नाही.

जाक रांसिएरने १९८७ च्या पुस्तकात झोझेफ झाकोतो या शिक्षकाची हकीकत सांगितली आहे. १८१८ मध्ये लूव्हाँला शिकवताना त्याच्या विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हते आणि त्याला फ्लेमिश येत नव्हते. त्याने त्यांच्या हाती फेनेलोंच्या ‘तेलेमाक’ची द्विभाषिक प्रत दिली आणि वाचा म्हणाला. ते शिकले. या गोष्टीचा निष्कर्ष ‘शिक्षक नकोच’ असा काढण्याची घाई होते. पण झाकोतोने प्रत निवडली होती, आणि ती द्विभाषिक होती. त्याने अर्थ सांगितला नाही. अर्थाकडे जाण्याचे साधन मात्र त्यांच्या हाती ठेवले.

माइनक्राफ्टकडे पुन्हा वळतो. जून २०२० मध्ये नेदरचे नवे रूप आले, तेव्हा निर्मात्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. जगात ठिकठिकाणी त्या काळ्या चौकटींचे भग्नावशेष पेरले. अर्धीमुर्धी कमान, काही दगड गायब, शेजारी एक पेटी. पेटीत कधी उरलेले ऑब्सिडियन, कधी चकमक. काही जागी जांभळे थेंब गाळणारा तसाच एक दगड, जो चौकटीत चालत नाही. पाहणाऱ्याच्या मनात आपोआप येते: हे कधीतरी पुरे होते, ते पुरे केले तर? वोल्फगांग इझर ज्यांना संहितेतल्या रिकाम्या जागा म्हणतो, त्या इथे अक्षरशः दगडांच्या जागा आहेत. सूचना दिली, पण जगातल्याच वस्तूच्या रूपाने, आणि फसण्याची मोकळीकही ठेवली. त्या एका चौकटीसाठी माझा मुलगा शेजारी बसून तोंडावर हात ठेवून होता. “बाबा, सांगू का?” असे त्याने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी ‘नको’ म्हणालो, हे त्याला फारसे रुचले नाही.

वर्गात अशी भग्न कमान उभी करता येते. मर्ढेकरांची अभंगाच्या वळणाची कविता शिकवायच्या आदल्या तासाला तुकोबांचे चार अभंग नुसते वाचावेत, लयीसकट, काही न सांगता. दुसऱ्या दिवशी ती कविता वाचली की मागच्या बाकावरून कोणीतरी ‘सर, हे अभंगासारखं आहे, पण असं का?’ म्हणते. तो ‘पण असं का’ हाच त्या तासाचा विषय. मुद्द्यांची यादी त्यानंतर द्यावी, परीक्षेपुरती. ती देऊ नये असे म्हणणे हा नोकरी पक्की झालेल्याचा चैनीचा आग्रह ठरेल.

एक गोष्ट राहिली. या खेळाला शेवट आहे, निदान शेवटासारखे काहीतरी. एण्डर ड्रॅगनला मारून खेळाडू परतीच्या दारात शिरतो तेव्हा पडद्यावर एक दीर्घ संहिता सरकू लागते. ती २०११ मध्ये ज्यूलियन गॉफ या आयरिश लेखकाने लिहिली. २०२२ च्या डिसेंबरात त्याने ती सार्वजनिक मालकीची म्हणून खुली केली. दोन आवाज खेळाडूविषयी आपसांत बोलतात. सुरुवातीला एक शब्दही न बोललेला खेळ सारे खेळून झाल्यावर कित्येक मिनिटे बोलतो. एक कळ दाबून ती संहिता ओलांडता येते, आणि ओलांडणारे पुष्कळ आहेत.