चकचकीत दिसलं म्हणजे नीट दिसलं का?

जुने गेम नव्या कन्सोलवरच खेळावेत, तिथे ते स्वच्छ दिसतात, झपाट्याने चालतात आणि डबडा टीव्हीचं कौतुक म्हणजे निव्वळ बालपणाचा उमाळा, असं एका गृहस्थांनी ठणकावून सांगितलं. उमाळा बाजूला ठेवू. प्रश्न चित्राचा आहे.

उंब्रजसारख्या गावांतल्या पोरांना नव्वदच्या दशकात मारिओ आणि कॉन्ट्रा भेटले ते निन्टेन्डोच्या नकली यंत्रांवर, काचेच्या नळीच्या टीव्हीवर. मूळ यंत्र १९८३चं, चित्र जेमतेम २५६ बाय २४० ठिपक्यांचं. त्या टीव्हीवर शेजारचे ठिपके एकमेकांत झिरपत, दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राही. चित्रं काढणारे हे जाणून रंग भरत. १९९१च्या ‘सॉनिक’मधला धबधबा बघा. तो काढलाय एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी. जुन्या वायरीतून येताना त्या मिसळत आणि आरपार दिसणारं पाणी तयार होई. नव्या पडद्यावर पाणी गेलं, पट्ट्या उरल्या. कलाकाराने केलेलं पाणी नाहीसं करणाऱ्या पडद्याला स्वच्छ कसं म्हणायचं? त्यात चारास तीन प्रमाणाचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं की मारिओ आडवा फुगतो. बदकं मारायच्या गेमची बंदूक तर एलईडी टीव्हीवर चालतच नाही, ती नळीच्या पडद्यासाठीच बनवलेली.

झपाट्याचं म्हणाल, तर २०१८च्या छोट्या प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ची ५० हर्ट्झची आवृत्ती घातली, ६० हर्ट्झचा वेग ठाऊक असणाऱ्यांना ती जड वाटली. लोडिंग लवकर होतं, एवढं मान्य.

‘मुघल-ए-आझम’ २००४मध्ये पूर्ण रंगीत केला तेव्हाही मी हेच भांडलो होतो. छायाप्रकाशासाठी उभा केलेला प्रसंग नंतर रंगवला की छायाप्रकाश मरतो. ‘सॅन अँड्रियास’ या गेमच्या २०२१च्या नव्या आवृत्तीत तसंच झालं. धुकं काढलं, दूरचं सगळं एकदम दिसू लागलं आणि एवढा मोठा मुलूख अंगणाएवढा वाटला. वर, मूळ गेम विक्रीतूनच काढले. लोक संतापले तेव्हा संगणकापुरते परत आले. मला सर्वांत जास्त राग याचा आहे.

मग करायचं काय? मूळ आवृत्ती विक्रीत ठेवा. मूळ प्रमाण, मूळ वेग आणि नळीच्या टीव्हीसारख्या ओळी निवडायची सोय द्या. ज्याला चकचकीत हवं त्याने ते खुशाल निवडावं. आणि घरात चालू स्थितीतला जुना टीव्ही असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका.