झेंड्याची पावती दारात, कचेरी मात्र जिल्ह्याला

कापसाची दुसरी-तिसरी वेचणी चालू असते, मजुरीला पैसा पुरत नसतो, नेमका तेव्हाच डिसेंबर उजाडतो आणि 7 तारखेचा सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. 1949 पासून हा दिवस पाळला जातो. जिल्ह्याला निधीचे उद्दिष्ट मिळते, जिल्ह्याकडून ते खात्याखात्यांत वाटले जाते आणि उतरत उतरत दाखल्यासाठी खिडकीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचते. देणगी ऐच्छिक आहे, असे कागद सांगतो. सरकारी वसुली पाहिलेल्या माणसाला 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको.

पावती घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू शेतकरी आणि शिपाई एकाच चुलीवर जेवणारे भाऊ आहेत. कापसाला भाव मिळाला नाही त्या वर्षी फौजेतल्या भावाच्या मनीऑर्डरीवर पेरणी झाली, अशी घरे आमच्या गावोगाव आहेत. 1965 साली शास्त्रीजींनी जवान आणि किसान एका घोषणेत आणले. आमच्या घरांत ते आधीपासूनच एकत्र होते. म्हणूनच विचारायचे आहे की, पावती दारापर्यंत येते, तर काम दारापर्यंत का येत नाही?

हे काम राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे. मुख्य कचेरी पुण्याला, खाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये. माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची नोंद, ओळखपत्र, पेन्शनची अडलेली प्रकरणे, मुलांची वसतिगृहे, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचे अर्ज तपासून पुढे पाठवणे, हे सारे त्याच टेबलावरून जाते. या यंत्रणेचा खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के उचलते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे काहीसे झाले आहे.

कागदावर मदत कमी नाही, हे आधी कबूल करतो. पंधरा वर्षांची नोकरी पुरी न होता जो जवान घरी आला त्याला पेन्शन नसते. असा हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा माजी सैनिक वा त्याची विधवा 65 वर्षांची झाली आणि हलाखीत असली, तर केंद्रीय बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती 4,000 रुपये होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झाली. त्याच दिवसापासून दोन मुलांपर्यंत शिक्षणाची मदत दरमहा 2,000 आणि लग्नाची मदत 1 लाख रुपये झाली. कोरडवाहू पाच एकरांत वर्षाकाठी काय उरते ते वाचकांना ठाऊक आहे. त्या घरात महिन्याला 8,000 म्हणजे काय, ते सांगायला नको.

पण ती घ्यायची कशी? आमच्या ओळखीची एक आजी आहे. नवरा महार रेजिमेंटमध्ये काही वर्षे होता, पेन्शनीआधीच परत आला, ज्वारी-कापूस करता करता गेला. फौजेतून सुटताना मिळालेले पुस्तक आजीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले आहे. त्यात तिचे माहेरचे नाव. आधारवर सासरचे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, फक्त फायलीला माहीत नाही. आजी दोन वेळा जिल्ह्याला गेली. एसटीचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी गेली. साहेब स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला चांगले, त्यांनी चहाही दिला. पण नावाची दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून व्हायची, आणि ते मध्य प्रदेशात सागरला. मराठा रेजिमेंट असती तर बेळगावला. शाळेचा दाखला आणा म्हणाले. आजी शाळेत गेलीच नव्हती. ती आम्हाला म्हणाली, "माहेरचं नाव बापानं ठेवलं, सासरचं सासूनं. आता खरं कोन्तं ते मी कसं सांगू, भाऊ?"

साहेबाचा दोष आम्ही धरत नाही. दोष 'कल्याण' या शब्दातच आहे. कल्याण करणारा वर बसतो आणि ज्याचे करायचे तो खाली उभा राहतो. आमच्या शेतमालाचा भाव पाडायचा आणि मग पॅकेजची खिरापत वाटायची, ही रीत आम्ही जाणतो. इथेही तीच. तरुणपणाची वर्षे सीमेवर घातलेल्या माणसाचे देणे ते देणे न राहता अनुदान झाले, आणि अनुदान मागणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करायची असते. नोंद सरकारची, पुस्तक सरकारचे, आधारही सरकारचे. दोन सरकारी कागदांचे पटत नसेल तर ते जुळवण्याची पायपीट सत्तरीच्या बाईने का करावी?

घरपट्टीचेही तसेच. 2020 साली राज्याने माजी सैनिकांना आणि विधवांना घरपट्टी माफ केली. ग्रामपंचायत जिल्ह्याचा दाखला मागते. दाखल्याच्या खेपांचा खर्च लहान घराच्या घरपट्टीहून जास्त.

पुढचा प्रश्न याहून मोठा आहे. 2022 पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर फार तर 25 टक्के कायम, बाकीचे घरी. हातात सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी. पेन्शन नाही, आणि भरतीच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात. आजीचे नाव निदान चुकीचे तरी पुस्तकात आहे. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परत येणाऱ्या या पोरांची नोंद कोणत्या टेबलावर होणार? पूर्वी शेताला मनीऑर्डर यायची, आता शेतावर आणखी एक बेकार भाऊ येईल.

जिल्हा बैठकीत आम्ही हे मांडणार आहोत. सैनिक कार्यालयाचा कल्याण संघटक महिन्यातून एकदा, ठरलेल्या बाजाराच्या दिवशी, तालुक्याला बसावा आणि ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. नावाच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार रेकॉर्ड ऑफिसशी कार्यालयाने स्वतः करावा. घरपट्टीसाठी गावच्या माजी सैनिकांची आणि विधवांची यादी कार्यालयानेच ग्रामसेवकाला पाठवावी. जिल्ह्यात झेंड्याचा निधी किती जमला आणि त्यातून जिल्ह्यात काय आले, याचा हिशेब पावतीइतक्याच सहज मिळावा.

बैठकीला येताना आपल्या गावातील अशा घरांची नावे लिहून आणा. पेटीत पुस्तक असेल तर त्याची झेरॉक्स आणा. मूळ पुस्तक कोणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नाही.