आधी विचारपूस, मग सल्ला

गेल्या वर्षी वार्षिक परीक्षा संपली आणि माझ्या धाकट्या मुलीने माशांच्या टाकीचा हट्ट धरला. घरात जागा नाही आणि नळाला रोज पाणी येत नाही, अशी दोन कारणं सांगून मी टाकी टाळली आणि एक गोल काचेचं भांडं व दोन गोल्डफिश घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "काही करायचं नसतं सर. चिमूटभर खाद्य टाकायचं आणि चार दिवसांनी पाणी बदलायचं." चौथ्या दिवशी आम्ही बापलेकीने भांडं साबणाने घासून लख्ख केलं, नळाचं ताजं पाणी भरलं. पाचव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. दुसरा संध्याकाळी गेला.

मुलगी त्या रात्री जेवली नाही. "अब्बा, आपण त्यांना मारलं का?" एवढंच तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तरं इतरांकडे मात्र भरपूर होती. एक नातेवाईक म्हणाले, "पैसे पाण्यात घातले." दुसऱ्यांनी मुक्या जीवाचा तळतळाट लागतो, असं मुलीसमोरच सुनावलं. तिसरे म्हणाले, "मी आधीच सांगणार होतो." आधी सांगणार होते, तर सांगितलं का नाही, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गप्प बसलो.

आमच्या मागच्या गल्लीत एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या बैठकीत माशांच्या दोन टाक्या आहेत. कुणीतरी सांगितलं म्हणून मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. अण्णांनी उपदेश केला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. "पाणी कुठलं होतं, नळाचं का बोअरचं? भरून किती वेळ ठेवलं? भांडं किती लिटरचं? कशाकशाने धुतलं?" सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "बेटा, माझे पहिल्या वर्षी सोळा मेले होते. तुझे दोनच गेले."

त्या एका वाक्यावर हा लेख आहे.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो, कारण हीच चूक घरोघरी होते. पिण्याचं पाणी निर्जंतुक करायला नगरपालिका क्लोरीन वापरते आणि ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. माणसासाठी ते हवंच. पण माशाच्या कल्ल्यांना क्लोरीन जाळतो. साधा क्लोरीन असेल तर पाणी पसरट भांड्यात, झाकण न ठेवता एक दिवस ठेवलं की तो बराचसा उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन मारायचं औषध थेंबांनी टाकता येतं. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

दुसरी चूक याहून मोठी होती, आणि ती आम्ही स्वच्छतेच्या नावाखाली केली. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया हे माशासाठी विष आहे. ते विष पचवणारे जिवाणू निसर्गात असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि तेही विषारीच असतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते मर्यादेत असेल तर मासा सहन करतो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दर चार दिवसांनी साबणाने घासून ती वस्ती बसूच देणार नव्हतो. शिवाय गोल्डफिश हा मोठा होणारा आणि भरपूर घाण करणारा मासा. चार-पाच लिटरच्या भांड्यात त्याला ठेवणं म्हणजे म्हशीला न्हाणीघरात बांधणं.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला एक भेट दिली. त्यांच्या फिल्टरमधून कापून काढलेला, काळपट, मळकट स्पंजचा तुकडा. दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकीच्याच पाण्यात बुडवलेला. माझी बायको म्हणाली, "हे काय आणलंत?" पण या छंदात याच्याइतकी मोलाची भेट नाही. त्या मळात वर्षानुवर्षं बसलेली जिवाणूंची वस्ती असते. नव्या टाकीत तो तुकडा ठेवला की पुढचं काम लवकर मार्गी लागतं. याला खर्च शून्य आणि देणाऱ्याचं काही कमी होत नाही. विरजण मागायला शेजारी जातो ना, तसंच हे.

अण्णांनी आणखी एक केलं. त्यांनी आम्हाला मासे घेऊ दिले नाहीत. "महिनाभर थांबा," म्हणाले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी जुनी टाकी त्यांनीच मिळवून दिली. ती भरली, स्पंज ठेवला आणि रिकाम्या टाकीत मुलीला रोज चिमूटभर खाद्य टाकायला लावलं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनियाचा खुराक मिळेल. आठवड्यातून एकदा परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया आहे. हे थेंबही त्यांचेच, उसने. मुलगी वहीत तारीख आणि रंग लिहीत होती. मासे नसलेल्या टाकीपुढे एखादं मूल महिनाभर इतक्या आवडीने बसतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता मूळ मुद्दा. धीर देणं म्हणजे गोड बोलणं नव्हे. "जाऊ दे, मासेच होते, दुसरे आणू" हे गोड बोलणं झालं, आणि त्याने आणखी दोन मासे मेले असते. अण्णांनी मुलीला स्पष्ट सांगितलं, "हो, पाण्यानेच मेले. तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं." चूक लपवली नाही, पण चूक करणाऱ्याला लहानही केलं नाही. स्वतःचे सोळा आधी सांगितले, मग आमच्या दोघांचा हिशेब केला. सल्ला देण्याचा अधिकार मला वाटतं इथून येतो. जो स्वतःच्या चुका मोजून सांगतो त्याचं आपण ऐकतो. जो फक्त आपल्या मोजतो, त्याच्यापासून आपण पुढची चूक लपवायला शिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सल्ला जागेला धरून असावा. मोबाईलवर परदेशातली माणसं सांगतात की मऊ पाणी घ्या, हीटर लावा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात डिस्कससारखे नाजूक मासे आणण्यात अर्थ नाही. पण गप्पी, मॉली, प्लॅटी याच जड पाण्यात मजेत राहतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की प्रश्न हीटरचा नसतो. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. तेव्हा टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडायचा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. वीज गेली तर मगाने टाकीतलंच पाणी उचलून वरून ओतत राहायचं, हवा मिसळते. हे ज्ञान या गावात उन्हाळे काढलेल्या माणसाकडेच असतं.

काही वाचक विचारतील, आणि विचारायलाच हवं, की दुष्काळी जिल्ह्यात माशांची टाकी कशाला? एप्रिल २०१६मध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. मी हिशेब मांडतो. आमची टाकी साधारण पन्नास लिटरची. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, म्हणजे बारा-तेरा लिटर. एक बादलीसुद्धा नाही. आणि ते पाणी गटारात जात नाही. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खत आहे. आमच्या गच्चीवरची कढीपत्त्याची कुंडी त्यावरच पोसली जाते. तरी मी म्हणेन की पिण्याच्या पाण्याचे हाल असतील त्या उन्हाळ्यात नवी टाकी सुरू करू नये. २०१६च्या उन्हाळ्यात अण्णांनी त्यांची एक टाकी रिकामी करून मासे वाटून टाकले होते. छंदाला परिस्थितीचं भान असलं पाहिजे.

एका बाबतीत मात्र धीर नको, दटावणीच हवी. टाकीतला मासा मोठा झाला, सांभाळणं जमेना, की लोक तो तलावात किंवा नदीत सोडतात. "जीव वाचवला, सवाब मिळेल, पुण्य लागेल," असं वाटतं. काच चाटतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच पाण्यात गेला आणि उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला. त्याला बाजारात किंमत नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि देशी माशांची जागा तो खातो. आपल्या शहराला पाणी त्याच उजनीतून येतं. तेरणा, मांजरा, बोरी या नद्यांवर पोट असलेल्या भोई बांधवांच्या जाळ्यात आपला हौशी मासा जाऊ नये, एवढं तरी पाळू. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. गप्पी मासे आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी साठलेल्या पाण्यात सोडतो, हे खरं आहे. पण कुठे सोडायचे ते त्यांनी ठरवायचं. आपण ओढ्यात सोडायला जाऊ नये.

मी शिक्षक आहे. अण्णांच्या बैठकीत बसून मला माझा वर्ग आठवत होता. काही वर्षांपूर्वी एका मुलाने अपूर्णांकांबद्दल अगदी साधा प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "सातवीत हे विचारतोस?" वर्ग हसला. त्या मुलाने पुन्हा हात वर केला नाही. मी त्याला शिकवलं की नाही आठवत नाही, पण प्रश्न न विचारायला नक्की शिकवलं. अण्णांनी मला एकदाही "सर असून हे माहीत नाही?" असं म्हटलं नाही.

हे वर्गापुरतं नाही. आपल्या समाजात सल्ल्याला तोटा नाही. एखाद्या पोराने दुकान टाकलं आणि सहा महिन्यांत बंद पडलं, एखादी मुलगी स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास झाली, की "आधीच सांगितलं होतं" म्हणणारे दहा जण येतात. पाणी कुठलं होतं, भांडं केवढं होतं, हे विचारणारा एक येत नाही. आणि स्वतःचे सोळा सांगणारा तर विरळाच. आपल्याकडे यशस्वी माणसं नापास झालेली वर्षं लपवून ठेवतात. त्यामुळे पहिल्यांदा पडलेल्याला वाटतं की पडणारा आपण एकटेच.

अबू उमैर या लहान मुलाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्याचा पाळलेला छोटा पक्षी मेला, तेव्हा पैगंबर साहेबांनी त्या पक्ष्याची आपुलकीने चौकशी केली. एवढी मोठी जबाबदारी खांद्यावर असलेल्या माणसाने एका पोराच्या पाखराची विचारपूस करायला वेळ काढला. मला त्यात आज एवढाच धडा दिसतो की आधी विचारपूस, मग बाकीचं.

आणखी एक छोटी गोष्ट. २०२३मध्ये शहराच्या नावावरून चौकाचौकांत वाद होते. अण्णा धाराशिव म्हणतात, माझ्या तोंडी सवयीने उस्मानाबाद येतं. त्यांच्या टाकीपुढे बसून आम्ही तासन्‌तास बोललो आहोत. दोघांनीही एकमेकांना दुरुस्त केलेलं नाही. दुरुस्त केलं ते फक्त खाद्याचं प्रमाण: "सर, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. उपाशी मासा क्वचित मरतो, जास्त खाऊन मेलेले मी लई पाहिलेत."

आता टाकीत सहा प्लॅटी आहेत आणि मोजता न येणारी पिल्लं. मागच्या महिन्यात मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण रडवेली होऊन आली. तिचा फायटर मासा गेला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात आमची लेक तिला आत घेऊन गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "पाणी कुठलं होतं, नळाचं का बोअरचं?" थोड्या वेळाने ती कात्री शोधत बाहेर आली. स्पंजचा तुकडा कापायला.