लिंक पाठवली म्हणजे पालक पोहोचले?

"मुस्लिम पालक जागरूक नाहीत" हे वाक्य जुने झाले. आता नवे ऐकू येते : "पालक प्रशिक्षणाची लिंक पाठवली होती, कुणी आलेच नाही." दोन्हींचा अर्थ एकच. दोष पालकांचा, आपण मोकळे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. ऑनलाइन प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा बाप सकाळी अकराच्या सभेला रोजी बुडवून कसा येईल? तान्हे मूल कडेवर असलेली आई कशी येईल? त्यांना मोबाइलचा आधार होऊ शकतो. पण मोबाइल कुणाच्या हातात आहे, हे कुणी विचारते का?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 33 टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण 57 टक्के होते. नंतर फोन वाढले, मान्य. पण घरात एकच स्मार्टफोन असेल, तर तो बापाबरोबर कामावर जातो. अभ्यास घेणारी अम्मी घरीच राहते, आणि प्रशिक्षण असते दुपारी!

त्यात भाषा 'अध्ययन निष्पत्ती'ची. मराठी यायलाच हवी, माझी भाकरीच तिच्यावर आहे. पण मुलाला वाचायला कसे बसवावे हे सांगताना आईच्या मराठीची परीक्षा घ्यायची नसते.

शिक्षण हक्क कायदा, 2009 म्हणतो की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असेही तो सांगतो. लिंक पाठवून हे कर्तव्य फिटत नाही.

मग काय करावे? उर्दूत, दखनीत पाच मिनिटांचे ध्वनिसंदेश करा, रात्री फोन घरी आल्यावर ऐकता येतील असे. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तो दिवस धरा. आणि महिन्यातून एकदा मोहल्ल्यात समोरासमोर बसा.

इथे आपल्या जमातीलाही सवाल आहे. जमातखाना लग्नाला मिळतो, वलीम्याला मिळतो. महिन्यातली एक दुपार आयांच्या तालीमसाठी का मिळू नये?

किती लिंक पाठवल्या, हे मोजणे बंद करा. किती अम्मींनी ऐकले, किती जणींनी उलट प्रश्न विचारला, ते मोजा.