हाळ आणि पार मोजायला या

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार यांस,



ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीचं पाणी नवापुरात शिरलं. पूर ओसरला, लोकांनी घरातला गाळ उपसला, भिजलेलं धान्य उन्हात घातलं. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या माणसांना तेवढंही करता येत नाही. सरदार सरोवराचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं तरी बुडालेलं गाव परत मिळत नाही. शिवाय हे पाणी अचानक येत नाही. ते कुठवर चढणार, हे आधीपासून ठरलेलं आहे : १३८.६८ मीटर. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा तिथवर भरलं. महाराष्ट्रातली ३३ गावं या बुडितात येतात, हेही सरकारी कागदावरच आहे. म्हणून याला नैसर्गिक आपत्ती म्हणू नका, अशी माझी विनंती आहे.

या लोकांना काय लागेल, हे नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ सालीच लिहून ठेवलं. जमिनीच्या बदल्यात किमान २ हेक्टर सिंचनाची जमीन. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. बुडीत येण्याआधी पुनर्वसन पूर्ण. आणि ५० कुटुंबांमागे गुरांच्या हाळासकट एक विहीर आणि झाडाभोवती बांधलेला एक पार! उठवलेल्या माणसाला बसायला जागा लागते आणि त्याच्या बैलाला पाणी लागतं, हे लवादाच्या लक्षात आलं होतं. पुनर्वसन वसाहतीच्या अहवालात या दोन गोष्टींचा रकाना असतो का, ते कृपया स्वतः पाहा.

लवादाच्या यादीतही सगळं नव्हतं. तळोद्याकडच्या एका वसाहतीत एका आजीने मला आपली मोहाची झाडं बोटांवर मोजून दाखवली. नाल्यावरचं, वाकडं, थोरल्या दिराच्या वाट्याचं... पहाटे अंधारात टोपली घेऊन जायचं, फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, पावसाळ्यात तीच पोटाला. पंचनाम्यात झाडाला एकदा पैसे मिळाले असतील, पण फुलं दरवर्षी पडत होती. मासे नदीत होते, सरपण डोंगरावर, चारा शिवारात. यातलं काहीच सातबाऱ्यावर नव्हतं. नेवाड, म्हणजे वनजमिनीवरचं शेत, कसणाऱ्याची तर जमीनच सातबाऱ्यावर नव्हती. वसाहतीत हे सगळं विकत घ्यावं लागतं आणि हातात रोख पैसा नसतो. त्यामुळे चराईची जमीन, सरपणाची सोय आणि वनहक्कांचे प्रलंबित दावे हा पुनर्वसनाचाच भाग धरा.

जे अजून काठावरच राहतात त्यांची निकड याहून मोठी आहे. पाण्याने पायवाटा गिळल्या, काही पाडे टेकडीवर एकटे पडले. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की बाईला झोळीत घालून चिखलातून काठापर्यंत आणायचं आणि तिथे बोटीची वाट पाहायची. तिथे बोट पाहिजे. रात्रीही पाहिजे, चालकासकट आणि डिझेलसकट. मेपर्यंत औषधं आणि चार महिन्यांचं रेशन वर पोचलं पाहिजे. जुलैत ट्रक निघून उपयोग नाही, कारण तेव्हा रस्ताच नसतो.

अघोषित म्हणून प्रकल्पग्रस्तांच्या यादीबाहेर राहिलेली कुटुंबंही आहेत. घरात पाणी आलं, पण नाव आलं नाही. त्यांच्यासाठी तालुक्याला शिबिर लावू नका. बोटीने त्यांच्या पाड्यावर जा, सोबत पावरी आणि भिली बोलणारा माणूस न्या, आणि पाण्याची खूण घरमालकालाच दाखवू द्या.

येत्या पावसाळ्याआधी हे व्हावं. आधी वसाहतीत या, लवादाच्या निवाड्याची प्रत बरोबर ठेवा, आणि दर ५० कुटुंबांमागे हाळ आणि पार आहे की नाही ते लोकांसमोर मोजा. दुसऱ्या दिवशी बोटीत बसा.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातील एक रहिवासी